ऊसतोडणी यंत्र आणि कोयत्यावरील कुटुंबे

दिवाळी सरत आली की बीड जिल्ह्यातील व आसपासच्या कोरडवाहू भागातील कित्येक गावे ओस पडू लागतात. घरी म्हातारी माणसे राहतात. कर्ती माणसे बैलगाडीने अथवा ट्रॅक्टरने कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याकडे किंवा कर्नाटकात ऊसतोडीस निघतात. पती-पत्नीच्या जोडीस तेथे ‘एक कोयता’ म्हणून मोजले जाते. पहाटेपासून राबून ही जोडी दिवसाकाठी दीड ते दोन टन ऊस तोडते, साळते, मोळ्या बांधते व गाडीत भरते.

आता त्याच फडात तोडणी यंत्र उतरू लागले आहे. हे यंत्र शेंडा छाटते, ऊस जमिनीलगत कापते, त्याच्या कांड्या करते, पंख्याच्या झोताने पाला बाहेर फेकते आणि कांड्या शेजारून चालणाऱ्या वाहनात टाकते. रान अनुकूल असेल तर दिवसाला शंभर टनांच्या आसपास तोडणी होते. म्हणजे पन्नास-साठ कोयत्यांचे काम एका यंत्राने उरकते. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली अशा ९०० यंत्रांसाठी अनुदान योजना जाहीर केली. किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम अनुदान म्हणून ठरविण्यात आली.

बागाईतदारास यंत्र हवेसे वाटते, याची कारणे उघड आहेत. टोळी वेळेवर येत नाही. उचल घेऊन मुकादम नाहीसा होतो. ऊस पक्व होऊनही तोडीवाचून उभा राहतो, त्यास तुरा येतो व वजन घटते. शिवाय ठरल्या दराखेरीज फडावर वरकड पैसे द्यावे लागतात, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. ती खोटी म्हणता येणार नाही.

तथापि कोयत्याच्या बाजूचा हिशेब निराळा आहे. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. तिच्यातून लग्न, दवाखाना, घराची डागडुजी भागते. फेड मात्र टनावर होते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. परंतु तोडावयास ऊसच उरला नाही, तर वाढीव दर कोणत्या टनावर मिळणार? हंगाम महिन्याभराने आखडला तरी अंगावर बाकी राहते व पुढील वर्षाच्या उचलीतून ती वळती होते. जनावरे पाळणाऱ्यांस वाढे विकून चार पैसे मिळत, तेही यंत्राच्या तोडणीत मिळत नाहीत. कारण वाढ्यांचे तुकडे होऊन ते रानभर पसरतात.

हे काम मोठ्या सुखाचे होते असे मुळीच नाही. पालाच्या खोपीतील वास्तव्य, मुलांची बुडालेली शाळा आणि स्त्रियांच्या आरोग्याची झालेली हेळसांड सर्वांस ठाऊक आहे. बीड जिल्ह्यातील तोडणी मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली शासनास समिती नेमावी लागली. कोयता सुटावा हे योग्यच. पण तो हातातून सुटण्यापूर्वी दुसरे काम हाती यावयास हवे.

यंत्रावर चालक, मदतनीस, कांड्या वाहणारे ट्रॅक्टरचालक व दुरुस्ती करणारे कारागीर लागतात. ही कामे तोडणी कुटुंबांतील तरुणांस शिकविता येतील. परंतु पन्नास जोड्यांच्या जागी मूठभर माणसे पुरतात, आणि त्यांत स्त्रीस बहुधा स्थान नसते. यंत्राची किंमत कोटीच्या घरात असल्याने अनुदान मिळूनही एकट्या मजुरास ते घेणे अशक्य आहे. यास्तव उरलेल्यांस स्वतःच्या गावीच कार्तिक ते फाल्गुन या काळात काम मिळावयास हवे. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ सालीच केला. बांधबंदिस्ती, गाळ काढणे, विहिरींची खोदाई ही कामे नेमकी हंगामाच्या तोंडावर सुरू झाली, तर काही घरे तरी स्थलांतर टाळतील. तोडणी कामगारांच्या मुलांसाठी २०२१ साली संत भगवानबाबा वसतिगृह योजना ४१ तालुक्यांकरिता मंजूर झाली. त्या वसतिगृहांत किती मुले दाखल झाली, याची विचारपूस गावातूनच व्हावयास पाहिजे.

यंत्राने तोडणी करावयाची असेल तर शेतकरी बंधूंनी लागणीपासूनच तयारी ठेवावी. दोन सऱ्यांत चार ते पाच फूट अंतर राखावे, सरी शक्य तितकी लांब काढावी आणि बांधाशी यंत्र वळण्यास जागा सोडावी. लहान तुकडे असतील तर शेजाऱ्यांनी एकाच दिशेस सऱ्या पाडाव्यात. ओल्या रानात यंत्र घालू नये; जमीन दबून खोडव्याचे नुकसान होते. कांड्या केलेला ऊस लवकर खराब होत असल्याने तो त्याच दिवशी गाळपास गेला पाहिजे. मागे राहिलेले पाचट पेटवू नये. हेक्टरी ८ ते १० टन पाचटावर ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १० किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत. वाढ्यांवर गुरे पोसणाऱ्यांनी थोड्या रानात मका किंवा संकरित नेपियर अवश्य लावावे.

तोडणीस माणसे पाठविणाऱ्या गावांतील कार्यकर्त्यांनी कोयत्यांची यादी करावी. कोणते कुटुंब कोणत्या कारखान्यास जाते, तेथे यंत्रे किती आली, घरात यंत्रकाम शिकण्याजोगे कोण आहे व मागील उचलीची बाकी किती, एवढे त्यात असावे. ही यादी आषाढातच तयार हवी. दसऱ्यास ती करून उपयोग होत नाही. तोवर उचल वाटून झालेली असते.