श्वासकष्ट व भावना

श्वासोच्छ्‌वास करताना जाणवणाऱ्या त्रासदायक संवेदनेस श्वासकष्ट म्हणतात. बोलभाषेत तिला धाप लागणे, दम लागणे असे म्हणतात. वेदनेप्रमाणेच हा व्यक्तिनिष्ठ अनुभव असून श्वसनाचा वेग मोजून किंवा रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण तपासून त्याची तीव्रता ठरविता येत नाही. फुप्फुसांची कार्यक्षमता जवळजवळ सारखीच असलेल्या दोन रुग्णांपैकी एकास जिना चढणे अशक्य होते, तर दुसरा आपले दैनंदिन व्यवहार पार पाडू शकतो. श्वसनाची संवेदना व भावना यांची मेंदूत जी सांगड घातली जाते, तिच्यामुळे या तफावतीचा काही उलगडा होतो.

श्वसनाची मूळ लय मस्तिष्कस्तंभात, मुख्यतः लंबमज्जेत, निर्माण होते व ती झोपेतही चालू राहते. रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइडाचे प्रमाण हे तिचे प्रमुख नियंत्रक असल्याचे जे. एस. हॉल्डेन व जे. जी. प्रीस्टली यांनी १९०५ मध्ये दाखविले. फुप्फुसे, छातीचे स्नायू व ग्रीवा रोहिण्यांजवळील रासायनिक ग्राही यांच्याकडूनही मस्तिष्कस्तंभास सतत संदेश येतात. फुप्फुसांतील केशवाहिन्यांलगत असलेल्या व त्यांत रक्त तुंबले असता उद्दीपित होणाऱ्या ‘जे’ ग्राहींचा शोध भारतीय शरीरक्रियावैज्ञानिक अवतारसिंग पैंटल यांनी लावला.

मेंदूने श्वसनाचा जितका आदेश दिला त्या मानाने छातीची हालचाल अपुरी पडली, म्हणजे हवेची भूक जाणवू लागते. वॉर्ड फाउलर यांचा १९५४ मधील प्रयोग या दृष्टीने उद्‌बोधक आहे. श्वास रोखून धरलेल्या व्यक्तींना तो असह्य होताच ऑक्सिजन कमी व कार्बन डाय-ऑक्साइड अधिक असलेले वायुमिश्रण हुंगू दिले. रक्ताच्या स्थितीत त्यामुळे काहीच सुधारणा होणे शक्य नव्हते. तरीही केवळ छाती हलल्यामुळे त्यांना हायसे वाटले आणि ती पुन्हा श्वास रोखू शकली. उलटपक्षी, औषधाने सर्व स्नायू निश्चेष्ट केलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढविला असता त्यांनाही तीव्र गुदमर जाणवली, असे १९९० मध्ये आढळून आले. तेव्हा या संवेदनेचा उगम स्नायूंच्या थकव्यात नसून मेंदूतच आहे, असे मानावे लागते.

या अनुभवाचे दोन पैलू आहेत : त्रास किती आहे आणि तो किती असह्य वाटतो. मेंदूच्या प्रतिमादर्शक तपासण्यांत श्वासकष्टाच्या वेळी मस्तिष्क बाह्यकाच्या घडीत दडलेले द्वीपखंड, विशेषतः त्याचा अग्रभाग, तसेच सिंग्युलेट बाह्यक व अ‍ॅमिग्डाला हे भाग क्रियाशील झालेले दिसतात. वेदना, भूक व भीती यांच्याशीही हेच भाग निगडित आहेत. मराठीत ‘जीव गुदमरणे’ हा शब्दप्रयोग धुरात सापडलेल्या माणसाविषयी आणि मनाचा कोंडमारा झालेल्या माणसाविषयी सारखाच केला जातो, तो काही अगदीच अस्थानी नाही.

अ‍ॅमिग्डाला हे भीतीचे केंद्र आहे, अशी समजूत रूढ होती. हे दोन्ही बाजूंचे केंद्र एका दुर्मिळ रोगाने नष्ट झालेली एक अमेरिकन स्त्री साप, कोळी किंवा प्रत्यक्ष धाकदपटशा यांनाही भीत नसे. तिला ३५% कार्बन डाय-ऑक्साइड असलेली हवा एकदाच हुंगावयास दिली असता ती भयाने व्याकूळ झाली. याच रोगाच्या आणखी दोन रुग्णांतही तसेच घडले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणावरून गुदमरण्याच्या भीतीस अधिक खोलवरचा, स्वतंत्र मार्ग असावा असे दिसते.

भावनेचा श्वसनावर होणारा परिणाम तर सर्वांच्याच परिचयाचा आहे. भीती वा क्षोभ यांमुळे गरजेपेक्षा अधिक श्वसन झाल्यास रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड घटतो, मेंदूतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि चक्कर, बोटांना मुंग्या, हातांत पेटके अशी लक्षणे उद्‌भवतात. ऑक्सिजन पुरेसा असूनही हवा कमी पडते असे वाटते, त्यामुळे भीती आणखी वाढते. अशा वेळी कागदी पिशवीत श्वास सोडून तोच परत घेण्याचा उपाय पुष्कळदा सांगितला जातो. दमा किंवा हृद्‌रोग असलेल्या रुग्णास तो घातक ठरू शकतो.

चिरकारी श्वसनमार्गरोधाच्या रोगात हे दुष्टचक्र विशेष त्रासदायक होते. घाबरल्यामुळे श्वास जलद होतो, उच्छ्‌वासास वेळ अपुरा पडतो, हवा फुप्फुसांत कोंडून राहते व पुढचा प्रत्येक श्वास अधिक कष्टाचा होतो. धापेच्या धास्तीने रुग्ण चालणे-फिरणे सोडतो; स्नायू दुबळे होतात व थोड्या श्रमानेही धाप लागते. यास ‘मनाचे खेळ’ म्हणणे जितके चूक, तितकेच भावनेकडे दुर्लक्ष करून केवळ फुप्फुसांवर उपचार करणेही अपुरे आहे. मात्र नव्याने उद्‌भवलेला श्वासकष्ट चिंतेमुळे आहे असा निष्कर्ष हृदय, फुप्फुसे व रक्त यांच्या तपासणीपूर्वी काढू नये. नियमित व देखरेखीखालील व्यायामाने फुप्फुसांच्या मापनांत फारसा बदल न होताही धाप कमी होते. ओठांचा चंबू करून सावकाश उच्छ्‌वास करणे, पुढे झुकून हात टेकून बसणे, हेही उपयुक्त असते. चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घेतल्यानेही पुष्कळांना आराम वाटतो. गालांवरील गार झुळकेची संवेदना त्रिमूल तंत्रिकेवाटे मेंदूत पोहोचून हवेची भूक शमविते, असे मानतात.