जाम झालेला बोल्ट आणि पान्यात घातलेला पाइप

हट्ट्याला रस्त्याकडेला कुणाच्या गाडीचं चाक निघेना झालं की मदतीला चार माणसं धावतात, आणि त्यातला एक म्हणतोच, "पाइप घाल रे पान्यात, कसा निघत नाही बघू!" वसमत तालुक्यातली ही काळी माती पावसाळ्यात चाकाला चिकटून बसते, ओल धरून ठेवते, त्यामुळे गंजलेले नट-बोल्ट इथे नवे नाहीत. पण पाइप घातल्यावर 'कड्' आवाज येऊन बोल्टचं डोकं हातात आलेलंही मी पाहिलं आहे. मग दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे: जाम म्हणजे जाम, लावा जोर. वास्तविक गंजून धरलेला बोल्ट आणि आटा तिरका चढलेला बोल्ट ही दोन वेगळी दुखणी आहेत. गंजलेला बोल्ट सुरुवातीलाच अडतो; एकदा का 'कट्' करून सुटला की पुढे हलका होत जातो. तिरका चढलेला मात्र पहिल्या फेऱ्यापासून शेवटपर्यंत सारखाच जड फिरतो, डोकं किंचित कललेलं दिसतं आणि आट्यातून चकचकीत कीस बाहेर येतो. तो कीस गंजाचा नसतो, कापल्या जाणाऱ्या आट्यांचा असतो.

जोराचा हिशेब साधा आहे. फूटभर पान्याच्या टोकावर 20 किलोचा जोर दिला तर बोल्टवर सुमारे 60 न्यूटन-मीटर पीळ पडतो. तीन फुटी पाइप घातला की त्याच जोराचा पीळ 180 होतो. इंजिनात जागोजागी असणारा 8 मिलिमीटरचा साधा बोल्ट आवळायला 25 च्या आसपास पुरतात. पाइप घातल्यावर हाताला काही कळत नाही, आणि बोल्ट तुटायच्या आधी जो मऊपणा जाणवतो तो तर अजिबातच कळत नाही.

गंजासाठी फवारा मारला की लगेच पाना लावतात, तेही चूक. लोखंड गंजलं की फुगतं, आट्यांमधली फट बुजते, आणि त्या बारीक फटीतून तेल आपोआप झिरपायला वेळ लागतो. संध्याकाळी मारून सकाळी हात लावावा. सगळ्यांना माहीत असलेलं डब्ल्यूडी-40 हे 1953 मध्ये अमेरिकेत मुळात पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झालं. नावातली दोन अक्षरं त्याचीच. ते काम करतं, पण वेळ द्यावा लागतो.

हातोडी मारणं अडाणीपणाचं, असंही म्हणतात. उलट, बोल्टच्या डोक्यावर सरळ, बेताचे पाच-सहा ठोके दिले की गंजाची पकड तडकते. मग सोडवण्याआधी तो किंचित आवळून बघावा, जरा हलला की मागे, पुन्हा पुढे. ही मागेपुढे करण्याची चिकाटी ज्या मेकॅनिककडे आहे, त्याच्याकडे मी डोळे झाकून गाडी देतो.

गरम करायचं तर बोल्ट नव्हे, नट. पोलाद 200 अंशांनी तापलं तर 12 मिलिमीटरच्या भोकाचा व्यास जेमतेम 0.03 मिलिमीटरने वाढतो, पण पकड सुटायला तेवढंही पुष्कळ. पेट्रोलची टाकी, ब्रेकचा पाइप, टायर जवळ असेल किंवा नुकतंच तेल फवारलं असेल तर मात्र आगीचं नाव काढू नका.

आणि आधी दिशा बघा. सायकलचं डावं पायडल आठवा, त्याचे आटे उलटे असतात. महिंद्राने 1947 पासून जोडायला घेतलेल्या विलीज जीपांतही डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असत. अशा नटाला सोडवतोय म्हणून आपण आवळतच राहतो.

तिरका आटा "पाना मारला की सरळ होतो" ही समजूत सगळ्यात महागात पडते. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये पोलादी स्पार्क प्लग तिरका चढवला तर तो मऊ धातूत स्वतःची चुकीची वाट कापत जातो. उपाय बोटांत आहे. बोल्ट भोकावर ठेवून आधी उलटा फिरवा. आट्याचं तोंड जुळतं तिथे 'टक्' असा बारीक धक्का बोटांना लागतो. तिथून सुलटा फिरवा. पहिले तीन-चार फेरे पाना न लावता, बोटांनीच. पंक्चरच्या दुकानात नट थेट गनने चढवायला निघाले तर गाडीवाल्याने थांबवून हाताने सुरू करायला सांगावं, त्यात संकोच कसला?

चाकाच्या आट्यांना ग्रीस फासणं मात्र टाळा. पान्याचा बहुतेक जोर घर्षणातच जातो. आटे बुळबुळीत केले तर तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणला जातो.

इतकं करूनही आटे गेलेच, तरी "आता हेडच बदला" हे लगेच मान्य करू नका. भोक थोडं मोठं करून, टॅपने नवे आटे पाडून त्यात पोलादी तारेची गुंडाळी बसवतात; हेलिकॉइल म्हणतात तिला. अॅल्युमिनियममध्ये तर ती मूळ आट्यांपेक्षाही टिकाऊ ठरते. हेडची किंमत विचारायच्या आधी, ती बसवून देणारं लेथचं दुकान जवळपास कुठे आहे ते विचारा.