माळ्यावरची खोली गार का पडते?

लंडनमध्ये एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या जुन्या घरांना बाजूने वाढायला वाव नसतो. त्यामुळे छपराखालच्या रिकाम्या माळ्याचीच खोली करून घेतात. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही याला अपवाद नाहीत. पण जानेवारीत घरातली सगळ्यात गार खोली अनेकदा हीच ठरते. इन्सुलेशन पातळ असणार, आणखी जाड थर द्या, असा सल्ला मग लगेच मिळतो. माझ्या मते तो घाईचा आहे. थर किती जाड आहे हे नंतर पाहावं. तो कुठे तुटला आहे हे आधी शोधावं. साधा हिशेब करून पाहा. उतरतं छत २० चौरस मीटर, आत २० अंश सेल्सिअस, बाहेर शून्य. एका चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला किती वॉट उष्णता निसटते तो आकडा, म्हणजे यू-व्हॅल्यू, ०.२ असेल तर एकूण गळती ८० वॉट. यातला एकच चौरस मीटर उघडा राहिला आणि तिथे हा आकडा २ असला, तर गळती ११६ वॉटवर जाते. विसावा हिस्सा सुटला आणि नुकसान जवळपास दीडपट झालं. यात वारा अजून धरलेलाही नाही.

वाऱ्याचा खरा शिरकाव असतो तो बुटक्या भिंतीच्या मागे. छताचा उतार खाली येतो तिथे कंबरेएवढी भिंत उभारतात आणि तिच्यामागे तिकोनी पोकळी उरते. लाकूड कुजू नये म्हणून त्या पोकळीत बाहेरची हवा खेळती ठेवलेली असते, आणि ते योग्यच आहे. पण भिंतीखाली तुळयांमधली जागा मोकळी सोडलेली असेल तर तीच गार हवा थेट खोलीच्या फळ्यांखाली फिरते. भिंतीला लोकरीचा जाड थर असूनही पाय गारठतात ते यामुळे. वाऱ्याच्या दिवशी पेटलेली उदबत्ती भिंत आणि जमिनीच्या सांध्यालगत हळूहळू फिरवावी. विजेचे बोर्ड, छतातले दिवे, पोकळीचं छोटं दार इथेही धरावी. धूर सरळ वर न जाता वाकला की फट सापडली. थर्मल कॅमेरा भाड्याने मिळतो, पण आतबाहेर निदान दहा अंशांचा फरक हवा आणि वेळ उजाडण्यापूर्वीची. उन्हाने तापलेलं छप्पर फसवतं. सापडलेली जागा बुजवायला फार खर्च येत नाही. तुळयांमध्ये भिंतीच्या बरोबर खाली फोम बोर्डचे तुकडे घट्ट बसवून कडा सीलंटने बंद करायच्या, पोकळीच्या तळाशी २७० मिलिमीटर लोकर अंथरायची, दाराला मागून बोर्ड आणि कडेने रबरी पट्टी लावायची.

वासेच का ठासून भरू नयेत, असं कुणी विचारेल. जुन्या घरांत वासे साधारण १०० मिलिमीटर खोल असतात. छपराखालचा कागद जुन्या, वाफ अडवणाऱ्या प्रकारचा असेल तर त्याच्याखाली ५० मिलिमीटर हवेची वाट लागते. उरलेल्या ५० मिलिमीटरमध्ये चांगला फोम बसवला तरी यू-व्हॅल्यू ०.४ च्या आसपासच राहतो. इंग्लंडचे सध्याचे नियम छताच्या नूतनीकरणात ०.१६ मागतात. म्हणजे वाशांच्या खालूनही बोर्ड लावावे लागतात, छत खाली येतं, डोक्यावरची उंची जाते. हा खर्च टाळता येत नाही, पण तो फटी बुजवल्यानंतरच करावा.

दुसरी शंका जास्त गंभीर आहे: सगळं बंद केलं तर खोली कोंदट होऊन बुरशी येणार नाही का? बुरशीचं एक मोठं कारण त्या फटीच असतात. आतली दमट हवा फटींतून गार लाकडापर्यंत पोहोचते आणि तिथे तिचं पाणी होतं. म्हणून वाफ अडवणारा पडदा इन्सुलेशनच्या आतल्या, उबदार बाजूला सलग हवा, आणि न्हाणीघराचा पंखा पोकळीत नव्हे तर घराबाहेर हवा सोडणारा हवा.

उन्हाळ्याचा प्रश्नही आता टाळता येत नाही. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमधल्या कॉनिंग्जबीला पारा ४०.३ अंशांवर गेला. इन्सुलेशन उष्णता आत कोंडतं ही तक्रार अर्धी खरी आहे: छपरातून येणारी उष्णता ते रोखतं, पण तिरक्या खिडकीतून आलेलं ऊन आतच राहतं. त्यामुळे दक्षिणेकडच्या खिडकीला पडदा काचेच्या बाहेरून बसवावा, आणि रात्री ती उघडी ठेवता येईल अशी सोय असावी.