ड्रमचं खालचं पान

ड्रम सेटचा आवाज नीट येत नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं की त्याचा निष्कर्ष आधीच काढून झालेला असतो: सेट स्वस्तातला आहे, नाहीतर माइक बरोबर नाही. मी ड्रम उलटा करते आणि खालचं पान, म्हणजे तळाचा ताणलेला पडदा, बघते. बहुतेक वेळा ते दुकानातून आलं तसंच असतं. पान ताणणारे दोन-तीन रॉड बोटाने फिरतील इतके सैल, कडेला धूळ. वरच्या पानावर मात्र चिकटपट्ट्यांचे थर चढलेले. आवाज खटकला, लाव पट्टी. पुन्हा खटकला, लाव आणखी एक.

मी वाद्यवृंदात वाजवते आणि ड्रम शिकवते. कार्यक्रमाला सेट बहुतेक भाड्याचा असतो, त्यामुळे वाजवण्याइतकाच वेळ दुसऱ्यांचे ड्रम लावण्यात जातो. तबला सुरात लावल्याशिवाय मैफल सुरू होत नाही, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. ढोल-ताशा पथकातली मुलं मिरवणुकीआधी ढोल ताणून घेतात. ड्रम सेट तेवढा जसा मांडला तसा वाजवायचा असतो, अशी समजूत का रूढ झाली कोण जाणे.

तबला आणि ड्रम यांत एक मोठा फरक मात्र आहे. साधा गोल पडदा ताणून त्यावर आघात केला, तर मूळ स्वराबरोबर जे उपस्वर उमटतात ते त्याच्या दुप्पट, तिप्पट नसतात. ते साधारण १.५९, २.१४, २.३० पट असे अडनिडे येतात. कानाला म्हणूनच त्यात ठाम सूर सापडत नाही. तबल्याच्या शाईने हा प्रश्न सोडवला. मधला भाग जड झाल्यामुळे उपस्वर मूळ स्वराच्या पटींत येऊन बसतात. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं आणि रामन यांनी १९३४ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. शाई करणाऱ्या कारागिरांच्या हातांना ते कित्येक पिढ्या आधीच कळलं होतं, याचा मला फार अभिमान वाटतो.

ड्रमच्या पानाला शाई नाही. त्यामुळे तबल्यासारखा सूर त्यातून निघणार नाही. पण प्रत्येक पान सगळ्या बाजूंनी सारखं ताणता येतं आणि वरचं-खालचं पान एकमेकांशी जुळवता येतं. सगळी करामत या दोन गोष्टींत आहे.

बारा इंची टॉम घ्या. त्याला बहुधा सहा रॉड असतात. जुनं पान काढलं की लाकडाचा काठ उघडा पडतो. तो आतून तिरपा, बऱ्याचदा ४५ अंशांत तासलेला असतो आणि पान फक्त त्या बारीक धारेवर टेकतं. कोरड्या फडक्याने धार पुसायची आणि सावकाश बोट फिरवायचं. कुठे खाच लागली तर तिथे पान कधीच नीट बसणार नाही, मग वर काहीही करा. शंका असेल तर ड्रम सपाट काचेवर पालथा ठेवून आत विजेरी लावावी. जिथून उजेड फटीतून बाहेर येतो तिथे दोष. नवीन पान बसवलं की सगळे रॉड आधी बोटांनीच टेकेपर्यंत फिरवायचे. त्यानंतर चावी. एका रॉडला अर्धा फेरा, मग थेट समोरच्याला, मग शेजारच्याला आणि पुन्हा त्याच्या समोरच्याला. ओळीने गोल फिरत गेलात तर पान एका बाजूला ओढलं जातं. मध्येच तळव्याने पान दाबलं की कडेचा डिंक करकरतो. घाबरू नका, पान बसतंय.

आता कान लावायचा. मधोमध एक बोट हलकेच टेकवा, म्हणजे मूळ स्वर दबतो आणि कडेचा बारीक उपस्वर सुटा ऐकू येतो. प्रत्येक रॉडसमोर, कडेपासून इंचभर आत, काठीच्या टोकाने टिचकी मारत जा. एखादी जागा उतरलेली ऐकू आली तर तिथला रॉड थोडा आवळा. तरी जुळलं नाही तर समोरचा रॉड तपासा, कारण ताण समोरासमोर ओढला जातो आणि चूक पुष्कळदा पलीकडे असते. जागा चढली असेल तर आधी नको तितकी उतरवा आणि मग खालून वर स्वरावर या. नुसतं सैल करून सोडलं तर दोन गाण्यांत पान आणखी उतरतं.

वरचं पान जुळलं की ड्रम उलटा करून हेच सगळं पुन्हा. दोन्ही पानं एकाच स्वरात लावली तर गुंज सर्वांत लांब राहते. मला खालचं थोडं चढं आवडतं: वरचं सा धरलं तर खालचं कोमल ग. आवाज गोल राहतो आणि वेळेवर थांबतो. दोन टॉममध्ये सा-म एवढं अंतर ठेवलं की काठ्या एकीकडून दुसरीकडे गेल्या की श्रोत्यालाही कळतं. हट्ट मात्र करू नका. स्वर एक सप्तक वर न्यायचा तर ताण चौपट लागतो, त्यामुळे प्रत्येक ड्रमची पट्टी ठरलेली आहे. दहा इंची टॉममधून सोळा इंचीचा खर्ज निघणार नाही.

स्नेअरचं खालचं पान तर इंचाच्या अवघ्या तीन सहस्रांशाइतकं पातळ, वरच्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाचं. ते चांगलं घट्ट हवं, नाहीतर त्याला टेकलेल्या तारा उत्तर देत नाहीत. किकला सुरकुत्या जातील इतकाच ताण आणि आत एक छोटी उशी पुरते.

ही पानं पॉलिएस्टरची आहेत हे आपलं नशीब. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती वासराच्या कातड्याची असत. रेमो बेलींनी १९५७ मध्ये कंपनी काढली आणि प्लास्टिकचं पान सगळीकडे पोहोचलं. त्याआधी मुंबईच्या पावसाळ्यात वाजवणाऱ्या ड्रमर कावस लॉर्ड यांच्या पिढीने दमट हवेत सैलावणारी कातडी कशी सांभाळली असतील, याचा विचार मी दर जुलैत करते.

वरच्या पानावरच्या चिकटपट्ट्यांना माझा सरसकट विरोध नाही. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार १९६९ च्या सुमारास ड्रमवर टॉवेल टाकून वाजवत असे. त्याला तो बुजलेला आवाजच हवा होता. उलट १९७१ च्या लेड झेपलिन या बँडच्या एका ध्वनिमुद्रणात त्यांचा ड्रमर जॉन बॉनम याचा सेट हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत जिन्याच्या तळाशी मांडला आणि दोन माइक वर जिन्यात टांगले. इतक्या दुरून माइकला ड्रम आणि खोली दोन्ही एकत्र ऐकू येतात. तिथे न लावलेला ड्रम कुठे लपवणार? आधी ड्रम लावा, मग बुजवायचा की नाही ते ठरवा.

एक गोष्ट सगळेच विचारतात. टॉम वाजवला की शेजारच्या स्नेअरच्या तारा आपोआप खरखरतात. दोघांचे स्वर जवळ आले की असं होतं. टॉम किंचित चढवा किंवा उतरवा. टॉमचा स्वर सोडायचा नसेल तर स्नेअरच्या खालच्या बाजूला, तारांच्या दोन्ही टोकांशी असलेले चार रॉड जरा सैल करा. थोडी खरखर उरली तर उरू द्या. बास आणि गिटार सुरू झाले की पहिल्या रांगेतही ती ऐकू येत नाही.