घंटा, गॅलरी आणि उंच खिडक्या

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात चर्चच्या शेजारी उतरत्या छपराची बैठी इमारत दिसली, माथ्यावरच्या छोट्या कमानीत घंटा असली आणि दोन वेगळ्या दारांवर ‘बॉईज’, ‘गर्ल्स’ असं कोरलेलं असलं, की ती व्हिक्टोरिया राणीच्या काळातली शाळा आहे असं खुशाल समजावं. अशा कितीतरी शाळांची आता राहती घरं झाली आहेत. पण त्या काळी शिकवत कसं आणि पैसा कुठून येई, हे त्यांच्या भिंती अजून सांगतात.

अशा शाळा काढण्यासाठी चर्चच्या आधाराने १८११ मध्ये नॅशनल सोसायटी निघाली, तिची शिकवण्याची रीत मद्रासहून आलेली होती. तिथल्या अनाथालयाचं काम पाहताना अँड्र्यू बेल यांनी देशी शाळेतली मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना पाहिली. आपल्याकडच्या धूळपाटीचाच हा प्रकार. थोड्या मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचं, ही पद्धत त्यांनी तिथे बसवली आणि १७९७ मध्ये त्यावर पुस्तिका काढली. एका मास्तराने शेकडो मुलं सांभाळायची, तर सगळ्यांवर नजर राहील असं एकच लांबलचक दालन हवं. सुरुवातीच्या शाळा म्हणूनच एकखोली होत्या.

सरकारने १८३३ मध्ये शाळांच्या इमारतींसाठी पहिल्यांदा २०,००० पौंड दिले. पुढे शिक्षणाची सरकारी समिती आली आणि तिने नमुन्याचे नकाशेही छापले. १८४१ च्या कायद्याने जमीनदारांना शाळेसाठी एक एकरापर्यंत जागा देणं सोपं झालं. विल्यम बटरफील्डसारखे चर्च बांधणारे वास्तुकार शाळाही बांधत. टोकदार कमानी आणि उंच छपरं चर्चमधूनच शाळेत आली.

बाहेरून हे सगळं देखणं दिसे, आत मात्र मुलांचे हाल होते. खिडक्या इतक्या उंचावर, की बाकावर बसलेल्या पोराला फक्त आभाळ दिसावं. एवढ्या मोठ्या दालनात ऊब द्यायला एखादी शेगडी, त्यामुळे मागच्या रांगा गारठत. लहान मुलांसाठी पायऱ्यापायऱ्यांची ‘गॅलरी’ असे. तिच्यावर दाटीवाटीने बसून सगळ्यांनी एका सुरात पाठ म्हणायचा. १८६२ पासून अनुदान हजेरीवर आणि इन्स्पेक्टरने घेतलेल्या वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेवर ठरू लागलं. त्याच सुमाराला मुख्याध्यापकाला शाळेची रोजनिशी ठेवणं भाग पडलं. मुलं कापणीला, बटाटे वेचायला गेली म्हणून वर्ग ओस पडल्याच्या नोंदी अशा वह्यांत सापडतात. पोरांची हजेरी घटली की शाळेचा पैसा कापला जाई. ही पद्धत मला क्रूर वाटते.

याच्या कितीतरी आधी हॅम्पशायरमधल्या किंग्ज सॉम्बोर्न गावच्या रिचर्ड डॉज या धर्मगुरूंनी वेगळी वाट धरली. १८४२ मध्ये त्यांनी शाळा काढली. मजुरांच्या मुलांना आठवड्याला थोडे पेन्स, शेतकऱ्यांच्या मुलांना जास्त फी. पण बसायचं एकत्र. मुलांच्या हाती पट्टी देऊन ते शाळेचीच मापं घ्यायला लावत: खोलीची लांबी-रुंदी किती, क्षेत्रफळ किती येतं. किटलीतली वाफ, घरातली हवा, शेतातली माती हे सगळं त्यांच्या अभ्यासात येई. या सबंध शतकातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा वर्ग हाच. सरकारी निरीक्षकांनीही त्यांची वाखाणणी केली.

सगळ्या शाळांच्या नशिबी असं कौतुक आलं नाही. लिंकनशायरमधल्या बार्टन-अपॉन-हंबरची १८४५ ची शाळा पाडली जाण्याच्या बेतात होती. लहान मुलांच्या शिक्षणाचे अग्रणी सॅम्युअल विल्डरस्पिन यांचा तिच्या आखणीत हात होता. मैदानाला ते छप्पर नसलेला वर्गच मानत. १९७८ मध्ये शाळा बंद पडली, पण गावकऱ्यांनी नेटाने इमारत वाचवली. आता तिथे संग्रहालय आहे. इंग्लंडात नातलगांकडे जाणं झालं, तर हंबर पुलाच्या दक्षिण टोकाशी असलेलं हे गाव गाठा आणि मुलांनाही सोबत न्या. त्या गॅलरीच्या पायऱ्यांवर तुम्हालाही बसता येतं.