ओटीपी सांगायचा की नाही? भोर-वेल्ह्यातल्या घरांसाठी एक सरळ नियम

ज्यांच्याकडे रेंज नाही, किंवा एसटीत हेडफोन विसरलाय, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

आजचा विषय फसवे ईमेल, खोट्या लिंका आणि अकाउंटवर डल्ला मारणारे लोक. याबद्दलचा एक सल्ला आपण सगळ्यांनी हजार वेळा ऐकलाय: "ओटीपी कुणालाही सांगू नका." बँक सांगते, पोलीस सांगतात, फोनची कॉलर ट्यूनसुद्धा सांगायची. आता जरा खरं बोलू. भोर-वेल्ह्याकडच्या घरांमध्ये हा सल्ला पाळला जातो का?

लाडकी बहीण योजनेचं ई-केवायसी आठवा. सप्टेंबर २०२५ मध्ये ते सुरू झालं आणि सुरुवातीला दोन महिन्यांची मुदत होती. त्यात बाईचा आधार नंबर टाकायचा, तिच्या मोबाइलवरचा ओटीपी टाकायचा, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि त्यांचाही ओटीपी. आता विचार करा. काकू केळदला, काका पुण्यात कामाला, आणि फॉर्म भरणारा पोरगा शिरवळच्या एमआयडीसीत, दुपारच्या सुट्टीत मोबाइलवर. म्हणजे दोन ओटीपी दोन ठिकाणांहून फोनवर सांगितल्याशिवाय काम होणारच नाही. "हां आई, मेसेज आला का? सहा आकडे वाच." हे आपल्याकडे घरोघरी झालं. महिन्याच्या दीड हजार रुपयांचा प्रश्न होता, लोक करणारच.

नेमक्या त्याच काळात या योजनेच्या नावाने खोट्या वेबसाइटही फिरत होत्या. आणि चोराला काय हवं असतं? फोनवर कुणी आकडे विचारले की वाचून दाखवायचे, ही सवय. ती आपणच घरच्यांना लावून ठेवलीय. म्हणून "कुणालाही सांगू नका" यापेक्षा घरात टिकेल असा नियम लागेल.

नियम: सुरुवात कुणी केली?

फोन, मेसेज, ईमेल, लिंक, काहीही असो, स्वतःला एकच प्रश्न विचारायचा. हे काम मी सुरू केलं, की समोरच्याने?

आईने स्वतः पोराला फोन लावला, फॉर्म भरायला सांगितला आणि आधारचा ओटीपी दिला, ही एक गोष्ट. "योजनेच्या ऑफिसमधून बोलतोय, तुमचा हप्ता अडकलाय" म्हणत कुणाचा तरी फोन आला आणि त्याला ओटीपी दिला, ही पूर्ण वेगळी गोष्ट. पहिल्यात सुरुवात आपली आहे. दुसऱ्यात आपल्याला बोलावलंय.

समोरच्याने सुरुवात केली असेल तर फोन ठेवायचा, लिंक सोडायची, आणि आपण आपल्या वाटेने तिथे जायचं. बँकेचं काही असेल तर पासबुकावरच्या किंवा कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन. जीमेलचं असेल तर आपल्या हाताने जीमेल उघडून. नंबर गूगलवर शोधू नका, कारण तिथे खोटे कस्टमर केअर नंबरही टाकलेले असतात.

यात एक पळवाट आहे, ती समजून घ्या. महावितरणच्या नावाने येणारा तो मेसेज तुम्ही पाहिला असेल: मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, ताबडतोब या अधिकाऱ्याला फोन करा. खाली एक मोबाइल नंबर. इथे फोन आपण लावतो, पण नंबर त्यांचा. म्हणजे सुरुवात त्यांचीच. पुढे तो "अधिकारी" एखादं ॲप डाउनलोड करायला लावतो, त्यातून तुमची स्क्रीन त्याला दिसते, आणि दहा रुपये भरून दाखवा म्हणत तो तुमचा पासवर्ड बघून घेतो. वैयक्तिक मोबाइल नंबरवरून असे मेसेज आपण पाठवत नाही, असं महावितरणने वारंवार सांगितलंय.

आणि दोन गोष्टींना या नियमातही सूट नाही. बँकेचा ओटीपी आणि यूपीआय पिन. हे पोटच्या पोरालाही फोनवर सांगायचे नाहीत. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे जाणार.

शिकलेले फसत नाहीत, असं वाटतंय?

सप्टेंबर २०२२. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट, कोविशिल्ड लस बनवणारी. कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला व्हॉट्सॲपवर मेसेज आले, पाठवणारा म्हणे अदर पूनावाला. अमुक खात्यांवर लगेच पैसे पाठवा. पैसे गेले, एक कोटी एक लाखाच्या वर. नंतर कळलं की पूनावालांनी असा मेसेज केलाच नव्हता. बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला.

यात सर्व्हर हॅक करायची गरजच पडली नाही. साहेबांचं नाव आणि घाई, एवढं पुरलं. मेसेज आल्यावर साहेबांच्या नेहमीच्या नंबरवर एक फोन लावला असता तर प्रकार तिथेच थांबला असता. तुमच्या मित्राच्या नंबरवरून "भावा, अर्जंट पाच हजार टाक" असं आलं तरी हेच. चॅटवर उत्तर देऊ नका, कॉल करा आणि आवाज ऐका. व्हॉट्सॲप अकाउंट चोरता येतं, त्यामुळे नुसता नंबर ओळखीचा असून भागत नाही.

लिंक वाचायची कशी?

आता थोडं माझ्या धंद्यातलं. वेबसाइटचा पत्ता आपल्या टपालाच्या पत्त्यासारखाच असतो, लहानाकडून मोठ्याकडे. "मु. गुंजवणे, ता. राजगड, जि. पुणे." गाव कुठल्या जिल्ह्यातलं हे शेवटी कळतं. लिंकमध्येही खरा मालक शेवटी कळतो. सुरुवातीचं एचटीटीपीएस सोडा, पुढच्या पहिल्या तिरक्या रेषेपर्यंत जा, आणि तिथून उलटं वाचा.

लाडकी बहीणची खरी साइट "महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन" वर संपते. जीओव्ही डॉट इन हे फक्त सरकारी संस्थांना मिळतं. आता समजा, एखादी लिंक "महाराष्ट्र हायफन जीओव्ही हायफन इन डॉट ऑनलाइन" अशी आहे. दिसायला सगळे शब्द आहेत, पण शेवट "ऑनलाइन" आणि मध्ये हायफन. ती सरकारी नाही. भोरच्या नाक्यावर कुणी "हॉटेल मुंबई" काढलं म्हणून ते मुंबईत जात नाही, तसंच हे.

बँकांसाठी हे आता आणखी सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट "बँक डॉट इन" या शेवटावर न्यायला सांगितलं होतं. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो. तेव्हा नेट बँकिंग उघडताना शेवट बघायची सवय लावा.

ईमेलचंही तसंच. पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो, नावावर बोट ठेवून खरा पत्ता उघडा आणि ॲटच्या नंतरचं वाचा. डिप्लोमा, इंजिनिअरिंग संपवून नोकरी शोधणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा: मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर फुकटातल्या जीमेल पत्त्यावरून आलं आणि "रजिस्ट्रेशन फी" किंवा "लॅपटॉप डिपॉझिट" मागितलं, तर ती नोकरी नाही. नोकरी देणारा पैसे मागत नाही.

एसएमएसमध्येही एक खूण आहे. २०२५ पासून कंपन्यांच्या मेसेजच्या नावापुढे एक अक्षर येतं. सरकारी मेसेजला जी, व्यवहाराच्या मेसेजला टी, सेवेच्या मेसेजला एस, जाहिरातीला पी. सरकारी योजनेचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला तर तिथेच थांबा.

दोन जुन्या खुणा मात्र आता विसरा. एक, "भाषा मोडकी असेल तर खोटं." आता एआयमुळे चोरांचं मराठी आपल्यापेक्षा शुद्ध असतं. दोन, "कुलूप दिसतंय म्हणजे साइट सुरक्षित." कुलूप इतकंच सांगतं की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये जाणारा मजकूर मधल्या कुणाला वाचता येणार नाही. साइटवाला स्वतः चोर असेल तर कुलूप काय करणार?

एपीके: लग्नपत्रिका, चलन, काहीही

व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून फाइल येते, शेवटी "एपीके". पत्रिका फोटो असेल, पीडीएफ असेल. एपीके म्हणजे ॲप. ते टाकलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं. एकदा दिली की बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात, तुम्हाला कुणाला काही सांगावंही लागत नाही. वर तीच फाइल तुमच्या नावाने तुमच्या ग्रुपवर जाते. म्हणून ती आत्याकडून आली तरी उघडू नका, आत्याला फोन करा. तिलाही माहीत नसतं.

फसलोच तर? पहिला तास

चोरीचे पैसे एका खात्यात थांबत नाहीत. पहिल्या खात्यातून चार, चारमधून दहा, मग एटीएममधून बाहेर. ते बाहेर पडायच्या आत अडवायचे, सगळा खेळ तेवढाच आहे.

१. १९३० वर फोन. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. व्यवहाराचा नंबर, रक्कम, वेळ, बँक हे हाताशी ठेवा. तिथून पुढच्या बँकेला कळवून रक्कम रोखायचा प्रयत्न होतो. त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने आपल्या बँकेला फोन करून खातं, कार्ड, यूपीआय बंद करायला सांगायचं.

२. एपीके टाकलं असेल तर आधी तो फोन एअरप्लेन मोडवर, मग ॲप काढा. फोन दुसऱ्याच्या मोबाइलवरून करा. पासवर्डही दुसऱ्या मोबाइलवरून बदला, त्यात जीमेलचा सगळ्यात आधी, कारण बाकीच्या अकाउंटचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात.

३. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार नोंदवा. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट ठेवा. मग जवळचं पोलीस ठाणं, भोर असो की वेल्हे. पुणे ग्रामीण पोलिसांचं स्वतंत्र सायबर पोलीस ठाणंही आहे.

४. बँकेला कळवल्याची वेळ लिहून ठेवा, लेखी पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक तुमची किंवा बँकेची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे कळवायला लावलेला प्रत्येक तास तुमच्या खिशातून जातो.

आणि नंतर "पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा" म्हणणारा कुणी भेटला, तर तो त्याच टोळीचा पुढचा अंक समजा.

एक गोष्ट पोरांसाठी. "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो," असं कुणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. वर सांगितलेली ती दहा खाती अशीच भाड्याने घेतलेली असतात. पोलीस सगळ्यात आधी खातेदाराच्या दारात येतात, आणि खातेदार तुम्ही असता.

घरचं आयटी खातं

आपल्या गावाकडे घरातला शिकलेला पोरगा किंवा पोरगी म्हणजेच घरचं आयटी खातं. तेव्हा या आठवड्यात आईचा, आजोबांचा मोबाइल हातात घ्या. व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावा, लिंक्ड डिव्हाइसमध्ये अनोळखी काही आहे का बघा. जीमेलला टू-स्टेप लावा, जमलं तर पासकी. पासकी खऱ्या साइटवरच चालते, त्यामुळे खोट्या साइटला द्यायला तुमच्याकडे काही उरतच नाही. बँकेचा खरा नंबर आणि १९३० दोन्ही नावासकट सेव्ह करा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आई घाबरत म्हणाली, "अरे, मी त्या माणसाला नंबर सांगितला रे," तर "तुला किती वेळा सांगितलं होतं!" हे वाक्य गिळा. ओरडा बसेल म्हणून घरची माणसं दोन-दोन दिवस सांगत नाहीत, आणि तोवर पैसे दहाव्या खात्यातून बाहेर पडलेले असतात. "बरं झालं लगेच सांगितलंस" म्हणा आणि १९३० लावा. ओरडायचं असेल तर संध्याकाळी ओरडा.

तुमच्या गावात सध्या कुठला नवीन फसवा मेसेज फिरतोय ते आम्हाला कळवा, पण फक्त स्क्रीनशॉट पाठवा. लिंक नको! भेटू पुढच्या भागात.