गृहोद्योगाची नवी दवंडी

बोलणाऱ्याचीं बोरें विकतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. हल्लीं हें बोलणें व्हॉट्सॲप, फेसबुक व इन्स्टाग्राम यांवर चालतें. आणि मेतकूट, भाजणी, लोणचीं करून विकणाऱ्या गृहिणीस दुकानाचें भाडें न भरतां गिऱ्हाईक मिळूं शकतें. परंतु बोलावें काय, हा खरा प्रश्न आहे.

याचें उत्तर जुनेंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्या लोखंडी नांगरांच्या कारखान्यानें १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. ती कारखान्याच्या प्रसिद्धीसाठीं निघाली खरी. पण वाचकांस तींत उपयुक्त मजकूर मिळूं लागला, म्हणून ती टिकली व पुढें नामांकित मासिक झाली. भाजणी विकणारीनेंही थालीपीठ खुसखुशीत कसें होतें, हें आधीं दाखवावें. मग मालाचें वजन, घटक, किंमत व तयार केल्याची तारीख प्रत्येक चित्राखालीं स्पष्ट द्यावी.

एक मोह मात्र टाळावा. माल न चाखलेल्या आप्तेष्टांकडून गिऱ्हाईक म्हणून स्तुति लिहून घेणें, हें असत्य होय. अशा खोट्या अभिप्रायांस आळा बसावा म्हणून भारतीय मानक ब्यूरोनें २०२२ सालीं स्वतंत्र मानक काढलें. एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, म्हणून हा मोहही मोठा. घरच्यांनीं माल खाऊन दोष सांगावे. स्तुति परक्यांनीं करावी. दवंडीनें गिऱ्हाईक एकदां येतें. दुसऱ्यांदा येतें तें मालाच्या गुणानें व घराच्या शब्दावर.